उंबरठ्याखालचं पाणी

चप्पल वरच काढून ठेवा. मे महिना आहे, बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन आहे, आणि या पायऱ्यांचा गारवा तळव्यांनाच कळायला हवा. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर आलं की खजाना विहीर लागते. वरून पाहिली तर नुसती एक मोठी गोल विहीर. गंमत आहे ती खाली, पाणी जिथे भिंतीला टेकतं तिथे. दक्षिणेच्या अंगाला दोन तोंडं, त्यांतून पाणी आत येतं. उत्तरेला एक, त्यातून ते बाहेर जातं. या तिसऱ्या तोंडाशी उकिडवे बसा. हात पाण्यात घालून खालच्या कडेचा दगड चाचपा. हा उंबरठा. याच्यावरून पाय टाकून आपल्याला जायचंय. अट एकच आहे: जिथे पोचाल तिथे पाहुण्यासारखं बसायचं नाही, हाताला मिळेल ते काम करायचं. बीडमधली पाण्याची गोष्ट बसून ऐकली तर अर्धीच कळते.

डोकं वर काढता तेव्हा त्यावर मातीची पाटी आहे.

हिजरी ९९१, म्हणजे इसवी सन १५८३. राज्य अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाचं, बीडची जहागीर सलाबतखानाची, आणि या कामाची आखणी राजा भास्करची. तुम्हाला त्यांच्यापैकी कुणीच दिसत नाही. दिसतो तो चुन्याच्या घाणीभोवती फिरणारा बैल, आणि ऐकू येतो तो छिन्नीचा आवाज, जमिनीच्या पोटातून. तुम्हाला तिथेच उतरवतात. उत्तरेच्या शिवारापर्यंत जमिनीखालून वाट कोरायचं काम चाललंय. थोड्या थोड्या अंतरावर वर उभं भोक पाडलेलं, छोट्या विहिरीसारखं. त्यातून उजेड येतो, वारा येतो आणि तुमची मातीची पाटी दोरावर वर जाते. खाली अंधारात म्हातारा पाथरवट एका हाताने भिंत धरून चालतो. ओळंबा त्याच्या कमरेला आहे, पण उताराचा सवाल आला की तो घागर मागवतो आणि वाटेच्या वरच्या टोकाला ओततो. पाणी थांबलं, तर पुढचा दगड अजून बोटभर तासायचा. धावत सुटलं, तर उतार जास्त झाला. मग वाट इतकी खोल जाईल की शिवारात पाणी वर निघणारच नाही.

"चाललं पायजे. पळायला नको," तो म्हणतो.

तुमच्या डोक्यात मात्र पाच हॉर्सपॉवरची मोटार आहे. तुम्ही चारशे वर्षांनंतरचे, तुम्हाला घाई. तुम्ही विचारता, "बाबा, हे बाहेर जायचं तोंड इतकं वर का ठेवलं? दोन हात खाली धरलं असतं तर कितीतरी जास्त पाणी शिवाराला गेलं असतं."

तो बराच वेळ तुमच्याकडे पाहतो. वेड्या माणसाकडे पाहावं तसं नाही, नव्या सुनेकडे पाहावं तसं.

"आन मग हिरीत काय ठिवायचं?"

एवढंच. तो पुन्हा छिन्नी उचलतो. पण खजाना विहिरीची सगळी यंत्रणा या एका सवालात आहे. इथे मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. दक्षिणेचं अंग उंच, उत्तरेचं सखल, आणि पाणी आपल्या पायांनी चालतं. जितकं आत येईल तितकंच बाहेर जाईल. पावसाने दगा दिला की उत्तरेची धार आधी बारीक होते, मग तुटते. शिवाराला दुष्काळाची खबर मामलेदाराच्या आधी लागते. पण उंबरठ्याच्या खालचं पाणी विहिरीतच राहतं. ते कुणाला ओढून नेता येत नाही, कारण उतार ते नेत नाही. आणि वाट झाकलेली, म्हणून उन्हालाही त्यातलं फार काही मिळत नाही. इराणात अशा भुयारी वाटांना कनात म्हणतात, आणि आपल्याकडे नाव झालं ते औरंगाबादच्या मलिक अंबरच्या नहरीचं. ती नहर पाहायला परदेशी पाहुण्यांना नेतात. बीडची ही विहीर तिच्यापेक्षा तीसेक वर्षांनी थोरली आहे, हे बीडच्या लोकांनीही कधी जोरात सांगितलेलं नाही. दुष्काळातही हिची पातळी ढळत नाही असा लौकिक आहे, तेवढ्यावर ते समाधानी.

पाटी खाली ठेवा. पुढचं पाऊल लांब आहे.

१९०१. निजामाच्या राज्यातली एक कचेरी, शिरगणतीचे कागद, आणि तुम्ही दौतीत शाई भरणारे. दहा वर्षांपूर्वीच्या गणतीत बीड जिल्ह्याची माणसं होती ६,४२,७२२. आता कारकून लिहितो ४,९२,२५८. दीड लाख माणूस कमी. मधल्या दुष्काळांत गेले किती आणि मुलूख सोडून पांगले किती, हे तो आकडा सांगत नाही. एक चांगली विहीर एका शिवाराची असते, जिल्ह्याची नसते, एवढं मात्र त्यातून कळतं. शाई वाळायची वाट पाहू नका.

पुढचा पाय मुरमावर पडतो आणि पोळतो. १९७३, एप्रिल. ज्याला मराठवाड्यात अजूनही नुसतं 'बाहत्तर' म्हणतात, तो दुष्काळ. दोन पावसाळे आधीच हुकलेले, तिसरा तर आलाच नाही. बालाघाटाच्या एका घळीत शे-दीडशे माणसं मातीचा बांध घालताहेत. तुम्हाला मस्टर कारकुनाच्या हाताखाली टेप धरायचं काम मिळतं. ते सोपं नाही. मजुरी खोदलेल्या मातीच्या ब्रासवर आहे, त्यामुळे प्रत्येक जोडीचा खड्डा मोजायचा. चौकोनी खड्डा, आणि त्याच्या बरोब्बर मधे मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवलेला. मूळ जमीन किती उंच होती याचा तो साक्षीदार. खुंटाच्या डोक्यावर वाळलेल्या गवताची दोन पाती अजून आहेत. तुम्ही टेप लावता तेव्हा खड्ड्यातली बाई खुंटाकडे पाहत नाही, तुमच्या अंगठ्याकडे पाहते. अंगठा टेपवर कुठे पडतो त्यावर तिची आजची भाकर ठरते. भाकर म्हणजे मिलोची. अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी, जिच्या भाकरीला धड चव नाही की चिकटपणा नाही. पोरांसाठी सुकडी. दुपारी ओळीने बसलेल्या पोरांच्या तळहातांवर ती पडते आणि वाऱ्याने थोडी उडतेही.

बांधाच्या पोटात आधी कातळापर्यंत चर खणलाय आणि त्यात काळी माती भरली जातेय. तिला थर थर दाबायचं. माती घट्ट बसायला ओल लागते, आणि पाणी अडवायच्या कामावर ओल आणायची कुठून, हा त्या घळीतला रोजचा पेच.

जेवणाच्या सुट्टीत तीच बाई कारकुनाला विचारते, "बाप्पा, याला मोरी ठिवली न्हाई का? पानी भाईर निघायचं कुठून?"

"खालच्या विहिरीतून," कारकून सांगतो. तिला वाटतं तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नाही. हा पाझर तलाव आहे. याला कालवा नाही, दार नाही. जास्तीचं पाणी सांडव्यावरून जाईल, बाकीचं इथेच बसून जमिनीत मुरेल आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला विहिरींत उगवेल. आता हा सगळा मुलूख लाव्हाच्या थरांचा. काळा पाषाण पाण्याला आत घेत नाही. पाणी जिरतं ते भेगांत, मुरमात आणि मधल्या मांजऱ्या खडकात, ज्याला बारीक बारीक भोकं असतात. शंभर भाग खडकात दोन-तीन भाग पोकळी. बँक म्हणावी तर फारच छोटी, पण गावाची.

पाझर तलावाला उंबरठा नाही, हे इथे ध्यानात ठेवा. त्याची सगळी मदार खडकाच्या मंदपणावर. पाणी खडकातून चालतं ते पाथरवटाच्या भाषेत 'चाललं पायजे' असंच, दिवसाला काही हात. त्याच्यापेक्षा वेगाने ते कुणी ओढणार नाही, हे बांध घालणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. आणि याच दुष्काळाच्या मागोमाग बोअर पाडणारी यंत्रं गावोगाव फिरायला लागली.

या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. पोटासाठी केलेलं हे काम गावाच्या नावावर तलाव ठेवून गेलं, हे मला त्या योजनेचं सगळ्यात मोठं पुण्य वाटतं. पाप एवढंच, की बरेचसे तलाव जिथे माणसं उपाशी होती तिथे घातले गेले, जिथे खडक पाणी पितो तिथे नव्हे. पण एप्रिलच्या त्या घळीत उभं राहून, टेप हातात असताना, हे बोलायची हिंमत तुम्हाला होणार नाही. मलाही झाली नसती.

आता धरणाकडे. वाटेत २३ जुलै १९८९ ला पाय अडखळतो: बीड शहरात बिंदुसरेला पूर आलाय आणि नदीकाठच्या वस्त्यांतली माणसं वाहून जाताहेत. दुष्काळी म्हणून ज्या गावाला सगळे ओळखतात, तिथे त्या दिवशी पाण्याने माणसं मारली. थांबून करण्यासारखं तुमच्या हातात काही नाही. चला.

१९९१ चा जानेवारी, माजलगावच्या खालचा कालवा, आणि तुम्ही पाटकरी. खाकी शर्ट, सायकल, कॅरिअरला बांधलेली गेटची चावी, खिशात पाळीपत्रक. मागे सिंदफणेवरचं धरण, १९८७ साली पुरं झालेलं, साडेसहा किलोमीटर लांबीचं. कागदावर हे धरण एकटं नाही. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये केली, लोकार्पण इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये, आणि पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटर चालत येऊन इथे माजलगावच्या पाण्यात उतरतो. गोदावरीने सिंदफणेच्या घरी पाणी भरायचं, अशी ती योजना. जायकवाडीचा नाथसागरच भरला नाही तर इथे काय येणार, हा प्रश्न तेव्हाही होता. पुढे तो नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा कोर्टापर्यंत गेला, मेंढेगिरी समिती आली, समन्यायी वाटप हा शब्द तलाठ्यापासून सगळ्यांच्या तोंडी बसला. पाटकऱ्याला त्याचं काय? त्याची लढाई चारीवर असते.

नियम असा की पाणी टोकापासून वर द्यायचं. आधी टेलचा शेतकरी, मग वरचा, सगळ्यात शेवटी कालव्याला लागून असलेला. ज्याने सात नंबरचा फॉर्म भरला त्याला शेजपाळीने पाळी. नियम शहाण्या माणसाने केला आहे: टोकाला पाणी पोचलं की मधल्यांना मिळाल्याशिवाय राहत नाही. तुम्ही रात्री दहाला टेलचं दार उघडता आणि सायकल मारत वर येता. पहाटे परत खाली जाता तेव्हा चारीत ओला चिखल आहे, पाणी नाही. वर कुठेतरी कुणीतरी फावड्याचे चार घाव घातलेत, आणि त्याचा ऊस अंधारात पाणी पितोय. टेलचा माणूस बांधावर बसलेला. रात्रभर जागलेला, कानाला मफलर. भांडत नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

"सायेब, पानी कागदावर आलं जनू. वावरात न्हाई आलं."

तुम्ही साहेब नाही, पण त्याच्यासाठी सरकारचं शेवटचं टोक तुम्हीच, जसं कालव्याचं शेवटचं टोक तो.

धरणावर परत या आणि भिंतीच्या पोटातल्या कालव्याच्या मुखाकडे पाहा. इथेही उंबरठा आहे. धरणात एकूण साठा ४५४ दशलक्ष घनमीटर, त्यातला ३१२ उपयुक्त. उरलेलं १४२ त्या उंबरठ्याखाली, कालव्याच्या हाताला न लागणारं. त्याला मृतसाठा म्हणतात. हिशेबाने ती जागा गाळासाठी राखलेली, हे खरं. पण हा शब्द मला नेहमीच खटकत आलाय. पाथरवटाला विचारलं असतं तर त्याने त्याच पाण्याला विहीर म्हटलं असतं.

एप्रिल २०१६. धनेगाव, तालुका केज. मांजरा धरण. पाटोद्याच्या गवळवाडीला उगम पावलेली नदी इथे अडवली, जमीन बीडची बुडाली आणि तहान बरीचशी लातूरची भागली. साठा २२४ दशलक्ष घनमीटर, त्यात मृतसाठा ४७. आज हे दोन्ही आकडे नुसते पाटीवर आहेत. तुम्ही धरणाच्या तळात उभे आहात, भेगाळलेल्या गाळावर. एकेका भेगेत मनगट जाईल. ४७ कुठे गेले? शहरांचे पंप, काठावरच्या मोटारी आणि ऊन. कालव्याचं तोंड उंबरठ्याशी थांबतं, मोटारीचं थांबत नाही. तिला कुणी पाथरवट भेटलेला नसतो. मेलेलं म्हणून ठेवलेलं पाणीही संपलं, तेव्हा याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी गेलं आणि देशभरच्या कॅमेऱ्यांनी ती गाडी पाहिली. हा कोरडा तळ त्या मानाने कमी जणांनी पाहिला.

पण तुमच्या हातात फावडं आहे, ते चालवा. गाळ ट्रॉलीत भरायचा आहे. ट्रॅक्टरवाला घाईत आहे, कारण पाऊस पडला की ही खाण बुडणार. हा गाळ म्हणजे वरच्या रानांची वाहून आलेली कातडी. ती परत कुणाच्यातरी मुरमाड रानावर पसरणार. मीटरभर खोलीची भारी काळी जमीन पिकाला दीड-दोनशे मिलिमीटर पाणी देईल एवढी ओल धरून ठेवते. म्हणूनच तर या मुलखात हस्ताच्या पावसावर पेरलेला शाळू एकही पाणी न देता कापणीला येतो. जिल्ह्याचं सर्वांत जुनं आणि सर्वांत मोठं धरण हेच, पायाखालचं. त्याला भिंत नाही म्हणून कुठल्या तक्त्यात ते दिसत नाही. शाळू त्यातून घोट घोट पितो. उसाला ते पुरत नाही. आणि याच जिल्ह्यातून लाखो माणसं दिवाळीच्या सुमाराला गाडीत संसार भरून निघतात, दुसऱ्यांच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला.

ट्रॉली भरली. तुम्हीही चढा, पाटोद्याकडे जाणारी आहे. उतराल तेव्हा तारीख आजची असेल, तुम्ही विहिरीत पाय टाकला तीच.

माळावर एक शेततळं आहे. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ ची. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल, तेव्हा पन्नास हजारांपर्यंत अनुदान. एकास एक उतार धरून हिशेब केला तर काठोकाठ २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावतं. तळाला पाचशे मायक्रॉनचा काळा कागद, काठावर घडी पाडून मातीत गाडलेला. योजना काढणाऱ्यांच्या मनात होतं की पावसाचं वाहून जाणारं पाणी यात यावं. या माळावर वाहून येणारं पाणी फारसं नाही, म्हणून मालक पावसाळ्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी उपसून यात भरतो. म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवतो. ऑक्टोबर ते मे रोज पाच-सहा मिलिमीटर उडालं असं धरा. न वापरता नुसतं ठेवलं तरी जवळजवळ निम्मं आभाळात जातं. हे त्याला कळत नाही असं समजू नका. त्याचं म्हणणं साधं आहे: जमिनीत ठेवलं तर शेजाऱ्याची बोअर ओढते, तळ्यात ठेवलं तर ऊन ओढतं. उन्हाशी भांडण होत नाही.

याला उत्तर देणं मला जमलेलं नाही. विहिरी तुझी-माझी असतील आणि खालचा खडक सगळ्यांचा असेल, तोवर त्याचंच गणित बरोबर येतं.

आज तळ्यात कंबरभर पाणी उरलंय. मुलगा आणि सून ऊसतोडीहून महिन्यापूर्वीच परतलेत, कोयते दाराआड टांगलेले. खालच्या रानात सीताफळाची दीडशे झाडं आणि दावणीला दोन म्हशी. लाईट आलीय, चार तास राहील. मुलगा मोटारीशी. तळ्यात पाइपाच्या टोकाला फुटबॉल, म्हणजे फूट-व्हॉल्व्ह, जाळीचा, शेवाळलेला, नायलॉनच्या दोराने काठावरच्या खुंटीला टांगलेला. पाणी उतरेल तसा दोर सैल करत फुटबॉल खाली सोडायचा, ही इथली रीत.

तुम्हाला दोर धरायला लावलंय. मुलगा ओरडतो, "सोडा आजून हातभर!"

म्हातारी काठावर येते. पाण्याकडे पाहते, मग झाडांकडे, मग म्हशींकडे. मनातल्या मनात काहीतरी मोजते. मृगाला अजून तीन आठवडे.

"थांब लेकरा," ती तुम्हाला म्हणते आणि दोर तुमच्या हातातून काढून घेते.

"आये, आजून कंबरंयेवढं हाय की!" मुलगा तिकडून.

"हाय तर ऱ्हाऊ दे."

ती खुंटीशी बसते आणि दोराला गाठ मारते. इथून पुढे दोर सुटणार नाही. फुटबॉल या पातळीला हवा धरेल, मोटार नुसती गुरगुरेल, आणि त्याच्या खालचं पाणी राहील. नायलॉन गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते. ती दुसरी मारते आणि बसावी म्हणून दातांनी ओढते.